ताळा

ऑफिसात मी पहिली रात्र काढली ती ५४ रुपयांसाठी.

२०१७ चा जून होता. बाणेरमधल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही अठरा जण काम करायचो. खाली घरमालक राहायचे. त्यांच्या देवघरातली घंटी आणि आमचा सकाळचा स्टँडअप, म्हणजे उभ्याउभ्या होणारी कामाची बैठक, यांची वेळ एकच होती. दुकानदारांना क्यूआर कोड द्यायचा, गिऱ्हाइकांनी मोबाइलवरून दिलेले पैसे गोळा करायचे आणि दुसऱ्या दिवशी ज्याचे त्याच्या खात्यावर पोचवायचे, हा आमचा धंदा. माझं टेबल पूर्वीच्या स्वयंपाकघरात, ओट्याला लागून होतं. नेमणूकपत्रावर ‘पेमेंट ऑपरेशन्स’ असं पद होतं, पण काम एका शब्दात सांगण्यासारखं होतं: ताळा. आमच्या सिस्टीममधल्या नोंदी, बँकेकडून येणारी रोजची फाइल आणि दुकानदारांचे पैसे मधे जिथे थांबायचे त्या आमच्या नोडल खात्याचा उतारा, या तिन्हींची बेरीज एक आली पाहिजे.

त्या दिवशी ती ५४ रुपयांनी चुकली. रात्रीचे दहा वाजून गेले. शेजारच्या टेबलावरचा इंजिनिअर, मूळचा त्रिशूरचा, अगदी मनापासून म्हणाला, की ५४ रुपये मी घालतो खिशातून, तू घरी जा. त्याला कसं सांगावं ते मला कळेना. तेवढ्यात अण्णांचा फोन आला.

“अजून हापिसातच?”

“ताळा जमत नाहीये, अण्णा.”

“फरक किती?”

“चोपन्न.”

ते क्षणभरही थांबले नाहीत. “नवानं भाग जातोय. कुणीतरी आकडा उलटा लिहिलाय. तुमच्यात हातानं लिहिलेलं काय असतं ते आधी बघ.”

हातानं लिहिलेलं होतं. बँकेतून परत आलेली पेमेंटं त्या काळी आम्ही पोर्टलवर एकेक टाईप करून पुन्हा पाठवायचो. त्या दिवशी अशी अकरा होती. सातव्या ओळीत १,२३९ च्या जागी १,२९३ गेले होते. शेजारशेजारचे दोन अंक अदलाबदल झाले, की फरकाला नेहमी नवानं भाग जातो. मी कॉमर्सची पदवीधर, पण हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

अण्णा बार्शीच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानावर ३४ वर्षं दिवाणजी होते. ज्वारी आणि तूर यांचा तो बाजार. गाड्या लागायच्या, लिलाव व्हायचा, आणि संध्याकाळी गादीवर बसून अण्णा पट्ट्या करायचे: मालाचं वजन, भाव, त्यातून हमाली आणि तोलाई वजा, खाली शेतकऱ्याच्या हातात पडायची रक्कम. पट्टी त्याच दिवशी चुकती करायची हा बाजार समितीचा नियम. मग रोजकीर्द. जमा आणि नावे यांची बेरीज जुळून गल्ल्यातली रोकड मोजून झाल्याशिवाय ते घरी येत नसत. आई त्यांच्यासाठी भाकरी झाकून ठेवायची आणि आम्ही झोपून जायचो. लहानपणी मला त्या वहीचा राग यायचा. लाल कापडाच्या बांधणीची ती वही लक्ष्मीपूजनाला पाटावर बसायची आणि आम्ही तिच्यापुढे हात जोडायचो, तेव्हाही.

पहिल्या पगाराच्या वेळी त्यांनी मला विचारलं होतं, “तुमच्या खात्यावर जे पडून असतं, ते पैसे कुणाचे?” मी म्हणाले, दुकानदारांचे, एक दिवस आमच्याकडे असतात एवढंच. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, “म्हणजे आडतच.”

तो शब्द माझ्या मनात बसला. स्टार्टअपमध्ये कंपनीला कुटुंब म्हणायची पद्धत आहे. मला ते कधी पटलं नाही. कुटुंबात हिशोब सैल ठेवता येतो. आडतीवर येतो तो माल दुसऱ्याचा आणि जातो तो पैसाही दुसऱ्याचा. आपली कमाई म्हणजे मधल्या विश्वासाची दलाली. असं मानलं, की कामाला आपोआप एक शिस्त येते.

आणि काम वाढत होतं. कसं वाढत होतं हे ज्यांनी आतून पाहिलेलं नाही त्यांना सांगणं अवघड आहे. यूपीआय २०१६ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं, ऑगस्टच्या शेवटी बँकांची ॲप्स लोकांच्या हाती आली, आणि ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. त्या डिसेंबरात देशभरात महिन्याला सुमारे २० लाख व्यवहार होत होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांनी १०० कोटींचा आकडा ओलांडला. या दोन आकड्यांच्या मधली वर्षं मी त्या ओट्याशेजारी, मग बालेवाडीतल्या दोन मजल्यांवर, मग चार मजल्यांवर काढली. अठराचे साठ झालो, साठाचे दोनशे. दर सोमवारी नव्या चेहऱ्यांची ओळख करून दिली जायची आणि शुक्रवारपर्यंत त्यातल्या कुणावर तरी एखादी अख्खी यंत्रणा सोपवलेली असायची. चोविसाव्या वर्षी माझ्या एका सहीवर कोटीभर रुपये हलायचे.

तो काळ आनंदाचा होता. सकाळी सुचलेली गोष्ट रात्री चालू झालेली दिसायची. कुणाला विचारायला जिने चढावे लागत नव्हते. संस्थापक आमच्यातच बसायचा, आणि दुकानदारांच्या तक्रारीचे फोन दिवसाला एक तास त्यालाही घ्यावे लागायचे. तो नियम त्यानंच घातला होता. एकदा एका फुलवाल्या मावशींना तो पाऊण तास समजावत होता, की पैसे गेलेले नाहीत, अडकलेत. फोन ठेवल्यावर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, अडकलेत म्हणजे नक्की कुठे? मी त्याला कागदावर काढून दाखवलं. गिऱ्हाइकाच्या बँकेनं कापले, आमच्या बँकेकडून वेळेत उत्तर आलं नाही, मधल्या यंत्रणेनं वाट पाहून व्यवहार लोंबकळत ठेवला. प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. तो धरून तिन्ही ठिकाणी शोधायचं. त्यानं तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

वाढीची माझी स्वतःची एक खूण आहे. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात, त्यापुढे एकही नाही. २०१८ च्या मार्चमध्ये आमची महिन्याची फाइल त्या ओळीवर येऊन थांबली. त्यापुढच्या नोंदी गायब. मी ती तीन वेळा उघडली, मला वाटलं फाइल खराब आहे. त्रिशूरचा तो इंजिनिअर मागे उभा राहून म्हणाला, फाइल चांगली आहे, कागद संपलाय. त्या आठवड्यात रोज रात्री जेवणानंतर त्यानं मला एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, शिकवली. पहिली क्वेरी आम्ही लिहिली ती दोन याद्या समोरासमोर ठेवून ‘याच्यात आहे, त्याच्यात नाही’ अशा ओळी काढणारी. अण्णा खतावणीवर बोट ठेवून जे करायचे तेच, फक्त दहा लाख बोटं एकदम. पुढच्याच वर्षीच्या दिवाळीत नुसत्या एका दिवसाची फाइल एक्सेलमध्ये मावेनाशी झाली.

भिंतीवर मोठा टीव्ही होता. दिवसभरात दुकानदारांना किती रक्कम पोचवली याचा आकडा त्यावर पळत असायचा. त्याखाली पितळी घंटा टांगली होती. नवा उच्चांक झाला, की कुणीतरी जाऊन ती वाजवायचं.

२०१९ च्या नवरात्रातल्या एका शनिवारी ती संध्याकाळी सात वाजता वाजली. आकडा आदल्या उच्चांकाच्या कितीतरी पुढे गेला होता. सणाचे दिवस, बाजार फुललेला, कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. मिठाई आली. मीही खाल्ली.

रविवारी सकाळी मी घरून ताळा लावायला बसले आणि नोडल खात्यात असायला हवेत त्यापेक्षा ३८ लाख रुपये कमी निघाले.

हात गार पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी अण्णांचा दुसरा नियम लावून पाहिला: फरकाला नवानं भाग जात नसेल तर तो अर्धा कर आणि त्या रकमेची नोंद शोध, ती चुकीच्या बाजूला पडलेली असते. तशी नोंद नव्हती. मग उतारा दुकानदारवार लावला आणि ते समोर आलं. तेच दुकान, तीच रक्कम, दोन वेळा. सुमारे २,३०० दुकानं. संदर्भ क्रमांक मात्र वेगवेगळे, म्हणून कुठल्याही तपासणीत ते सापडले नव्हते.

झालं होतं असं. शनिवारी दुपारी बँकेची यंत्रणा मंदावली होती. आम्ही पाठवलेल्या पेमेंटचं उत्तर तीस सेकंदांत आलं नाही, तर ते फसलं असं आमचा कोड धरायचा आणि नव्या क्रमांकानं पुन्हा पाठवायचा. पण उत्तर न येणं आणि पैसे न जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेनं पहिलं पेमेंट केलं होतं, सांगायला फक्त उशीर केला होता. दुसऱ्याचा क्रमांक नवा, म्हणून बँकेनं तेही नवं समजून केलं.

मी हे अण्णांना नंतर सांगितलं तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. “एकाच व्यवहाराला दुसरा पावती नंबर? पावती फाटली, भिजली, हरवली, तरी नंबर तोच राहतो की गं.” आमच्या इंजिनिअरांनी पुढे आठवडाभर खपून नेमकं तेवढंच केलं. पेमेंटला जन्मापासून एकच क्रमांक, कितीही वेळा पाठवलं तरी तोच, म्हणजे दुसऱ्यांदा आलेलं बँकेलाच ओळखू येईल.

माझ्या डोक्यातून पुढे कित्येक दिवस गेली नाही ती ती घंटा. आमची आजवरची सगळ्यात मोठी चूक त्या पडद्यावर आमच्या सगळ्यात मोठ्या यशासारखी दिसली होती, आणि तिचं खरं रूप दाखवू शकणारी एकच गोष्ट ऑफिसात होती, ताळा, आणि त्याची कुणी दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहत नव्हतं.

संस्थापकाबद्दल एक सांगायलाच हवं. मी फोन केला तेव्हा त्यानं पहिला प्रश्न विचारला: सोमवारी सकाळी बाकीच्या दुकानदारांना द्यायला पैसे पुरतील का? मी नाही म्हणाले. सोमवारी बँक उघडताच त्यानं कंपनीच्या स्वतःच्या खात्यातून ३८ लाख त्या खात्यात भरले. मग आम्ही सगळ्यांनी फोन धरले, कोड लिहिणाऱ्यांपासून एचआरपर्यंत. तीन दिवस. काही जणांनी फोन घेतलेच नाहीत, काहींनी मिळालेच नाहीत म्हणून सांगितलं. पण बहुतेकांनी दिले. नांदेडच्या एका स्टेशनरीवाल्यांना मी चाचरत सांगायला लागले, तर ते म्हणाले, “ताई, मी काल रात्रीच बघितलं. वेगळे काढून पाकिटात ठेवलेत. कुणीतरी विचारायला येणार हे माहीत होतं मला.” त्या वाक्यानंतर मला फोन थोडा बाजूला धरावा लागला.

पुढची दोन वर्षं भराभर गेली. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचं नाही असा नियम आला, म्हणजे व्यवहार वाढत राहिले पण त्यांतली कमाई गेली. मार्चमध्ये टाळेबंदी झाली. ज्या दुकानांनी कधी क्यूआर लावला नव्हता त्यांनी तो लावला. कितीतरी दुकानं पुन्हा उघडलीच नाहीत, तीही आमच्याच यादीत होती. २०२१ मध्ये गुंतवणुकीचा पाऊस पडला आणि आम्ही चारशेच्या वर गेलो. फोनचा तो एक तास कधी बंद झाला ते मला आठवत नाही. कुणी बंद केला नाही. एका आठवड्यात तो कॅलेंडरवर नव्हता, एवढंच.

त्याच वर्षी एक नवा नियम आमच्याकडे आला. १०० रुपयांच्या आतला फरक शोधत बसायचा नाही, थेट उचंत खात्यात टाकायचा. नियम करणारी माणसं वाईट नव्हती. त्यांची बाजू मी आजही प्रामाणिकपणे मांडू शकते. दिवसाला लाखो व्यवहार, त्यात हजारभर ओळी जुळत नाहीत, एकेकीमागे अर्धा तास घालवला तर साठएक माणसं लागतील. मोठ्या बँकाही अशी मर्यादा ठेवतात. हे सगळं खरं आहे. पण उचंत खातं म्हणजे काय ते मी घरात ऐकत मोठी झाले होते. ज्या पैशाचा मालक आज कळत नाही, त्याला तात्पुरती बसायला दिलेली जागा. तात्पुरती हा शब्द तिथे महत्त्वाचा. आमच्याकडे तिथे गेलेला रुपया पुन्हा कुणी उठवायला जाणार नव्हतं. आणि १०० रुपये म्हणजे आम्हाला कितीही कमी असले, तरी फसलेला व्यवहार पाच दिवसांत परत झाला नाही, तर गिऱ्हाइकाला उशिराच्या दिवसागणिक १०० रुपये द्यायचे, असं रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१९ मध्येच ठरवून दिलं होतं. तिथे कुणीतरी त्या रकमेचा विचार गिऱ्हाइकाच्या बाजूनं केला होता.

मी भांडले. बैठकीत बोलले, लिहून दिलं. उत्तर मिळालं, की आता तू मोठं चित्र बघायला हवंस. त्या वाक्याचा राग माझ्या मनात अजून आहे. मी मोठंच चित्र बघत होते. पालेभाजीच्या गाडीवर ८० रुपये हा तासाभराचा धंदा असतो, आणि अशा हजार गाड्या मिळून आमचा तो पळणारा आकडा झाला होता.

शेवटी मी भांडण सोडलं आणि दुसरं केलं. संध्याकाळचे दोन तास काढून उचंतातल्या ओळींचे प्रकार पाडले. ऐंशी टक्के ओळी चारच कारणांनी जन्माला येत होत्या, आणि त्यांतल्या तीन कारणांवर कोडमध्येच उपाय होता. त्रिशूरचा इंजिनिअर तोवर मोठ्या हुद्द्यावर गेला होता. तरी त्यानं दोन शनिवार दिले. उचंताची रोजची भर निम्म्याहून कमी झाली. तिथल्या पाच वर्षांत मी केलेलं सगळ्यात चांगलं काम ते, आणि ते कुठल्याही पडद्यावर दिसलं नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात गुंतवणूक आटली आणि एका मंगळवारी सकाळी आमच्यातल्या नव्वद जणांना जायला सांगितलं. मी त्यांच्यात नव्हते. दोन महिन्यांनी मी आपणहून नोकरी सोडली. जाताना शेअर ऑप्शन्सचा, म्हणजे आधी ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याच्या हक्काचा, कागद हातात आला. चार वर्षांत पूर्ण हक्काचे झालेले, पण घ्यायचे तर नव्वद दिवसांत, आणि घेताना आजची किंमत व माझी किंमत यांतला फरक पगार धरून त्यावर कर भरायचा, शेअर विकले गेलेले नसले तरी. अण्णांनी चष्मा पुसून तो कागद दोनदा वाचला. “जे हातात आलं नाही ते जमेला धरत नाहीत,” ते म्हणाले. जेवढ्याचा कर झेपेल तेवढेच मी घेतले.

माझ्या जागी आलेल्या मुलीला मी हस्तांतराच्या कागदांबरोबर आणखी एक पान दिलं. उचंतातल्या ४१ ओळी, ज्यांचा छडा मला लागला नव्हता. हे तुझं काम नाही, असंही तिला सांगितलं. लातूरकडची मुलगी. पान घडी न घालता तिनं वहीत ठेवलं.

मधे सव्वा वर्ष गेलं. यूपीआयनं महिन्याला हजार कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडल्याची बातमी २०२३ च्या सप्टेंबरात आली, ती मी दुसऱ्या कंपनीच्या कँटीनमध्ये वाचली. त्यानंतर काही आठवड्यांनी रात्री अकराला तिचा मेसेज आला. “ताई, ३७ वी ओळ सापडली.”

मी लगेच फोन केला. ३७ वी ओळ म्हणजे १,१८० रुपये, २०२१ च्या जुलैमध्ये पाठवले आणि बँकेतून परत आलेले, परत येताना संदर्भ क्रमांकाशिवाय, म्हणून रक्कम शंभराच्या वर असूनही उचंतात पडलेले. तिनं तारखेवरून माग काढला होता. सिंडिकेट बँक कॅनरात विलीन झाल्यावर तिचे जुने आयएफएससी कोड १ जुलै २०२१ पासून बंद झाले. ज्या दुकानदारांनी नवा कोड कळवला नव्हता त्यांचे पैसे त्या आठवड्यात परत आले, आणि त्यांतल्या एकाचं दुकान तोवर कायमचं मिटलं होतं, म्हणून विचारायला कुणी आलं नाही. इचलकरंजीचं रेडिमेड कपड्यांचं दुकान. तिनं जुन्या अर्जावरचा नंबर लावला. तो त्यांच्या मुलाकडे होता.

दुसऱ्या दिवशी मी बार्शीला फोन केला आणि अण्णांना सगळं सांगितलं. त्यांना आता जरा कमी ऐकू येतं, म्हणून रक्कम दोनदा सांगावी लागली.

“ओळ जुळली, की माणसाला पोचले?” त्यांनी विचारलं.

“पोचले. काल दुपारी.”

“मग खोड ती ओळ,” ते म्हणाले. माझ्याकडे त्या पानाची फोटोकॉपी होती. फोन कानाला तसाच ठेवून मी ड्रॉवरमध्ये पेन शोधायला लागले.